एक संगणक, दोन चुली

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

संगणकाची अंतर्गत रचना हा विज्ञान शाखेचा विषय. त्यावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेखणी का चालवावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच देते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझा थोरला भाऊ दहावीनंतर मराठी टंकलेखन शिकला. तालुक्याच्या गावी एका छोट्या खोलीत तो अर्ज, करारनामे आणि लग्नपत्रिका तयार करून देतो. माझी फी त्याच व्यवसायातून भरली जाते. घरात संगणक एकच. दिवसा तो दादाचा, रात्री माझा.

या संगणकावर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित आधार थांबवला. मर्यादित मुदतीची वाढीव सोय कंपनीने देऊ केली, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमचा संगणक चौथ्या पिढीचा. नवा घेण्याची ऐपत नाही. लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली घालावी, तर दादाची १२ वर्षांची सगळी कामे ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते फक्त विंडोजवर चालते. दादाचे म्हणणे सरळ होते, "तुला काय शिकायचं ते शीक, पण माझ्या फायलींना धक्का लागता कामा नये."

ही अट पाळून एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली दोन स्वतंत्र डिस्कवर कशा नांदवाव्यात, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या महाविद्यालयातील अनेकांच्या घरी अशीच अडचण असेल, म्हणून हा प्रयत्न.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर कोणती कळ दाबली, पडद्यावर काय उमटवायचे, कोणती फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, हा सर्व कारभार ती पाहते. मात्र वीज चालू केल्याबरोबर ती जागी होत नाही. प्रथम मदरबोर्डवरील एक छोटा कार्यक्रम चालू होतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणतात, नव्या संगणकांत यूईएफआय. तो स्मृती, कळफलक, डिस्क जागेवर आहेत की नाहीत हे तपासतो आणि मग कार्यप्रणालीला हाक मारतो.

ही हाक मारण्याची रीत समजली, की पुढचे सगळे समजते. बायोसची रीत अशी की, डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात जे लिहिले असेल ते वाचायचे आणि त्याप्रमाणे चालायचे. एका डिस्कला असा पहिला कप्पा एकच असतो. दुसरी कार्यप्रणाली त्याच डिस्कवर घातली, तर ती या कप्प्यात आपले नाव लिहिते आणि पहिलीचे पुसले जाते. यूईएफआयची रीत थोडी सुधारलेली आहे. डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग राखून ठेवलेला असतो. प्रत्येक कार्यप्रणाली आपली सुरुवात करून देणारी फाइल तेथे ठेवते. कोणाला आधी हाक मारायची, याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. विंडोजच्या बाजूने हे काम विंडोज बूट मॅनेजर करतो, तर लिनक्सच्या बाजूने बहुधा ग्रब नावाचा कार्यक्रम करतो.

एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे

बहुतेक लोक एकाच डिस्कचे दोन विभाग पाडून दोन्ही कार्यप्रणाली तेथे ठेवतात. ते अशक्य नाही. पुष्कळांचे सुरळीत चालतेही. परंतु ज्या डिस्कवर घराचा चरितार्थ अवलंबून आहे, तिच्या बाबतीत तीन धोके लक्षात घ्यावे लागतात.

पहिला धोका विभाग पाडतानाचा. विंडोजचा विभाग आकसून लिनक्ससाठी जागा करावी लागते. हे चालू असताना वीज गेली, तर भरलेली माहिती बिघडू शकते. आमच्याकडे वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. दुसरा धोका सामाईक उंबरठ्याचा. सुरुवात करून देणाऱ्या दोन्ही फायली एकाच विभागात राहतात. एका कार्यप्रणालीची दुरुस्ती करताना दुसरीची वाट बंद होऊ शकते. तिसरा धोका पुढील काळातला. उद्या लिनक्स नकोसे झाले आणि तो विभाग पुसला, तर ग्रबचा काही भाग त्याबरोबर जातो. मग संगणक ग्रबच्या अर्धवट पडद्यावर थांबतो. विंडोज जागेवर असते, पण वाट दुरुस्त केल्याशिवाय तेथे पोचता येत नाही.

या संदर्भात लिनक्सच्या जन्माची एक हकिकत वाचनीय आहे. लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी. १९९१ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने लिनक्सचे काम जाहीर केले. तेव्हा त्याच्या संगणकावर मिनिक्स नावाची दुसरी कार्यप्रणाली होती आणि तिच्याच आधाराने तो आपली नवी प्रणाली लिहीत होता. एकदा मोडेमला द्यायचा आदेश चुकून डिस्ककडे गेला आणि मिनिक्सचा विभाग नासला, असे त्याने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितले आहे. मिनिक्स पुन्हा घालण्याऐवजी त्याने आपली नवी प्रणालीच पुरी करायचे ठरवले. त्याच्या बाबतीत यातून जगाचे भलेच झाले. पण त्या डिस्कवर कोणाच्या लग्नपत्रिका अडकल्या नव्हत्या, हेही विसरता कामा नये.

वेगळी डिस्क का?

एका घरात दोन भाऊ राहतात आणि चुली वेगळ्या असतात, तेव्हा एकाचे पीठ संपले म्हणून दुसऱ्याचा स्वयंपाक अडत नाही. दोन डिस्कचे असेच आहे. प्रत्येक डिस्कवर स्वतःची कार्यप्रणाली आणि सुरुवात करून देणारा स्वतःचा विभाग. नवी डिस्क काढून कपाटात ठेवली, तरी जुनी पूर्वीसारखीच चालू होते. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठा दिलासा नाही. नव्या डिस्कवर काहीही बिघडले, तर ती पुसून पुन्हा आरंभ करता येतो.

खर्च मात्र एका डिस्कचा होतो. मी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत २४० जीबीची एसएसडी घेतली. उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराला २५ जीबी जागा आणि ४ जीबी रॅम पुरते, असे त्याच्या निर्मात्यांनी म्हटले आहे. त्यामुळे याहून लहान डिस्कही चालली असती. मी घातलेली २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये निघाली आणि तिला ५ वर्षांचा नियमित आधार आहे. जुन्या संगणकाला निदान तेवढे आयुष्य मिळाले.

पूर्वतयारी

दिवाळीच्या सुट्टीत, तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू होण्यापूर्वी, हे काम उरकायचे आम्ही ठरवले. प्रत्यक्ष डिस्क जोडण्याआधी पाच गोष्टी केल्या. त्या क्रमाने देते.

१. दादाच्या सर्व फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. त्या नकलेतील दोन-चार फायली उघडून पाहिल्या. नुसती नक्कल घेणे पुरेसे नाही, ती उघडते की नाही हेही पाहावे लागते.

२. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशन या खिडकीत बायोस मोड या ओळीसमोर काय लिहिले आहे ते पाहिले. तेथे यूईएफआय असेल, तर नवी कार्यप्रणालीही यूईएफआय पद्धतीनेच घालावी. एक जुन्या पद्धतीने आणि दुसरी नव्या पद्धतीने घातली, तर दोघींत ये-जा करणे त्रासाचे होते.

३. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आहे का, ते तपासले. आमच्या डिस्कला नव्हते. ज्यांच्या डिस्कला असेल, त्यांनी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय मदरबोर्डची कोणतीही मांडणी बदलू नये. मांडणी बदलली की विंडोज तो क्रमांक मागू शकते.

४. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय बंद केली. ही सोय चालू असली, म्हणजे संगणक बंद केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. तिचा गाभा डिस्कवर झोपलेल्या अवस्थेत जपून ठेवलेला असतो. अशा वेळी लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिणे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालणे. फायली बिघडू शकतात.

५. उबंटूची फाइल अधिकृत ठिकाणाहून उतरवून घेतली आणि तिच्यापासून सुरू होणारा पेनड्राइव्ह तयार केला. ही फाइल सुमारे ६ जीबीची आहे, म्हणून पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो. त्यावरचे पूर्वीचे सर्व पुसले जाते, हे आधीच लक्षात घ्यावे.

प्रत्यक्ष कृती

संगणक बंद करून भिंतीवरच्या सॉकेटमधून वायर काढली. थोडा वेळ थांबून पेटीचे झाकण उघडले. हाताला साचलेली स्थिर वीज नाजूक भागांना अपाय करू शकते, म्हणून प्रथम पेटीच्या उघड्या धातूला हात लावला.

यानंतरची कृती सर्वांत महत्त्वाची आहे. दादाच्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढून ठेवल्या. एक माहितीची अरुंद वायर, दुसरी विजेची रुंद वायर. मग नवी डिस्क मोकळ्या जागी बसवून जोडली.

जुनी डिस्क काढण्याचे कारण सांगितले पाहिजे. नवी कार्यप्रणाली घालताना कोणत्या डिस्कवर घालायची, असा प्रश्न पडद्यावर येतो. तेथे नवी डिस्क निवडली, तरी सुरुवात करून देणारी फाइल पहिल्या डिस्कवरच्या विभागात जाऊन बसण्याचे प्रकार उबंटूच्या जुन्या आवृत्त्यांत वारंवार घडले आहेत. मग वरवर चुली वेगळ्या आणि आत उंबरठा एकच, अशी स्थिती होते. पुढे जुनी डिस्क काढली की नवी कार्यप्रणालीही सुरू होत नाही. शिवाय "संपूर्ण डिस्क पुसा" हा पर्याय निवडताना कोणाचाही हात थरथरतो. जुनी डिस्क जोडलेलीच नसेल, तर पुसण्यासारखी डिस्क एकच उरते. ज्याला हात लागू नये, ते हाताच्या अंतरावर ठेवूच नये, हा आपल्याकडच्या थोरामोठ्यांचा साधा नियम येथेही लागू पडतो.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला. प्रथम उबंटू न घालता नुसते चालवून पाहण्याचा पर्याय घेतला. आवाज, पडदा, कळफलक, इंटरनेट यांची परीक्षा घेतली. सर्व ठीक दिसल्यावर घालण्याचा पर्याय निवडला आणि नवी डिस्क पूर्ण वापरण्यास सांगितले. विभाग त्याने आपणच पाडले. लहान विभाग सुरुवातीच्या फायलींचा, मोठा विभाग बाकी सर्वाचा. नाव आणि परवलीचा शब्द विचारून काम पुरे झाले.

नवी कार्यप्रणाली एकदा सुरू करून पाहिली. मग संगणक बंद करून, वीज काढून, जुनी डिस्क परत जोडली. मदरबोर्डच्या मांडणीत जाऊन सुरुवातीच्या यादीत दादाची विंडोज वर ठेवली. काही मदरबोर्ड डिस्क काढल्यावर तिचे नाव यादीतून गाळतात, पण परत जोडल्यावर ते सहसा आपोआप येते. आमच्या यादीत ते दिसले. विंडोज सुरू झाली. दादाने खुर्चीत बसून आठ वर्षांपूर्वीची एक लग्नपत्रिका उघडली, तिची एक प्रत छापली आणि काही न बोलता ती टेबलावर ठेवली. मी समजायचे ते समजले.

मला लिनक्स हवे असते, तेव्हा संगणक चालू होताना मदरबोर्डने नेमून दिलेली कळ दाबून यादी आणते. ही कळ कंपनीप्रमाणे एफ ८, एफ ११, एफ १२ किंवा एस्केप अशी वेगवेगळी असते. ग्रबच्या यादीत विंडोजचे नाव घालूनही निवड करता येते. परंतु ग्रब नव्या डिस्कवर आहे. दादाची वाट तिच्यावर अवलंबून राहू नये, म्हणून मी ते मुद्दाम केले नाही.

दोन घड्याळांचा घोळ आणि इतर गोष्टी

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. सकाळी दहाला दादाने संगणक लावला, तर घड्याळ साडेचार दाखवू लागले. कारण असे की, मदरबोर्डवर एक बॅटरीवर चालणारे घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे मानते. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून लिनक्सने घड्याळ लावले, की विंडोज साडेपाच तास मागे पडते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्यास सांगणारा एकच आदेश आहे. तो दिल्यावर घोळ मिटला.

फायलींची देवघेव हा दुसरा प्रश्न. विंडोजच्या डिस्कवरील फायली लिनक्सला वाचता येतात. लिनक्सच्या डिस्कवरील फायली मात्र विंडोजला आपण होऊन वाचता येत नाहीत. आम्ही देवघेवीसाठी एक पेनड्राइव्हच ठेवला आहे. दादाच्या डिस्कवर लिनक्समधून काहीही लिहायचे नाही, असा नियम केला आहे.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. आधार थांबलेल्या विंडोजवर इंटरनेट वापरणे धोक्याचे. म्हणून दादाची विंडोज इंटरनेटपासून तोडली. ती आता फक्त मजकूर जुळवणे आणि छापणे यासाठी आहे. पत्रव्यवहार, ऑनलाइन अर्ज वगैरे कामे तोही लिनक्समध्ये करू लागला आहे.

मराठीपुरता एक विचार

दादाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधील मजकूर लिनक्समध्ये उघडला, तर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. याचे कारण जुन्या मराठी टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर बसवलेली असत. टंक हजर असेल तर मराठी दिसे, नसेल तर इंग्रजी. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. उदाहरणार्थ, क या अक्षराचा क्रमांक ०९१५. तेथे दुसरे कोणी बसू शकत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली, म्हणजे लिनक्सच्याच वर्षी.

आता माझी टिपणे मी युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहिते. रविवारी दादाच्या जुन्या फायलींतील करारनाम्यांचे नमुने एकेक करून युनिकोडमध्ये आणते. त्यासाठी जुना टंक चालणारी विंडोज शेजारीच असावी लागते. ती पुसून टाकली असती, तर हे काम अशक्य झाले असते. प्रस्तुत लेखही या नव्या डिस्कवरच लिहिला आहे.

मर्यादा

वेगळ्या डिस्कने सर्व संकटे टळतात, असा समज कोणी करून घेऊ नये. मदरबोर्ड, त्यावरची यादी आणि सुरक्षेची मांडणी दोघींना एकच. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरू होईना. मायक्रोसॉफ्टनेही ही अडचण मान्य केली. हा बदल डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डच्या स्मृतीत झाल्यामुळे डिस्क वेगळी असूनही उपयोग नव्हता. त्याचप्रमाणे विजेचा मोठा झटका बसला, तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. म्हणून तिसऱ्या ठिकाणची नक्कल अपरिहार्य आहे. आम्ही दर शनिवारी नक्कल घेतो आणि ती डिस्क संगणकाच्या पेटीबाहेर ठेवतो.

उपसंहार

पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट नेहमी ऐकावी लागते. नवे हवे असेल तर जुने सोडा. गाव सोडा, बोली सोडा, घरचा धंदा सोडा. क्वचित ते आवश्यक असेलही. परंतु प्रत्येक वेळी नसते. ज्या जुन्यावर घर उभे आहे, ते अबाधित ठेवून त्याच्या शेजारी नव्याला स्वतंत्र जागा करून देता येते. त्यासाठी थोडा खर्च, थोडी चिकाटी आणि कोणती वायर कधी काढावी याची माहिती लागते. यांपैकी माहिती तेवढी या लेखातून देता आली, तर माझ्या श्रमाचे सार्थक झाले असे मी समजेन.

ज्या वाचकांच्या घरी असा जुना संगणक असेल, त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एकदा त्याचे झाकण उघडून पाहावे. दुसऱ्या डिस्कपुरती जागा आत बहुधा मोकळीच असते.